आरशात दिसेल तिथं

"मी आरशात दिसेनासा झालो की थांबायचं, वेर्ना. कुठं गेला, का गेला, असा विचार करत बसायचं नाही. आधी ब्रेक."

दोन वर्षांपूर्वी आमच्या मूंटा गावातल्या फुटबॉल मैदानावर माझ्या नवऱ्यानं, क्लॅरीनं मला गाडीमागं जोडलेली कॅरावॅन, म्हणजे आमचं चाकांवरचं घर, मागं घ्यायला शिकवलं, तेव्हाचं हे त्याचं वाक्य. त्याआधीची एकतीस वर्षं सगळं उलट होतं. गाडी तो चालवायचा आणि मी मागं उभी राहून हात करायची. डावा हात लांब केला की डावीकडं, दोन्ही तळवे जवळ आणले की आता इतकंच अंतर उरलं, आणि मूठ वर गेली की थांब. डॉक्टरांनी त्याचं लायसन्स काढून घेतलं आणि आम्ही जागा बदलल्या.

या वर्षीच्या मेळाव्यासाठी मुरावीनच्या रेसकोर्सवर आम्ही पोचलो तेव्हा दुपार उतरायला लागली होती. मी काच खाली करून कॅरावॅन मागं घेत होते. माझ्या बाजूच्या आरशात तो दिसत होता, लाल धुळीत पाय रोवून, जुनी टोपी कपाळावर ओढून. चाळीस वर्षं त्यानं आमच्या भागात शेतावरच्या पवनचक्क्या आणि पंप दुरुस्त केले. त्याच्या हातांना कधी घाई नसायची. त्या दिवशीही नव्हती. डावीकडं. अजून. सरळ. तळवे जवळ, अजून जवळ. मूठ.

मी हँडब्रेक ओढला. खाली उतरून पाहिलं तर चाक खुणेच्या दगडापासून बोटभर अंतरावर थांबलं होतं.

"अगदी बरोबर," मी म्हटलं.

"मग? चूक कधी केली मी?" तो म्हणाला आणि माझ्या गळ्यातल्या बिल्ल्याकडं बघून हसला. "वेर्ना."

मी देवाचे आभार मानले. ते मनापासून होते की चोरी पचल्यावर चोर मानतो तसे, हे मला तेव्हा नक्की सांगता आलं नसतं.

बिल्ल्याचं सांगायला हवं. आमच्या कॅरावॅनचं नाव कूरिंगा. एका शेडमध्ये, हातानं बनवायचे. तो कारखाना बंद पडून पंचवीस वर्षं झाली, पण ज्यांच्याकडं कूरिंगा आहे ती माणसं दर ऑगस्टमध्ये, इकडच्या हिवाळ्यात, आत कुठंतरी, या लाल मातीच्या मुलुखात, आठवडाभर जमतात. बहुतेक सगळे साठीच्या पुढचे. कोणाचं नाव कोणाच्या लक्षात राहत नाही. म्हणून फाटकापाशीच आमचा अध्यक्ष नेव्ह बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा घेऊन उभा असतो. त्यात सगळ्यांचे बिल्ले. रुंद फीत, जाड काळी अक्षरं, चष्म्याशिवाय वाचता येतील अशी. आठवडाभर ते गळ्यातून काढायचे नाहीत, असा नियमच. जो तो समोरच्याच्या छातीकडं बघूनच हाक मारतो आणि त्यात कोणाला काही वाटत नाही.

सगळ्या जगात ती एकच जागा होती, जिथं क्लॅरी इतरांसारखा होता. मी त्या बिल्ल्यासाठीच गेले होते.

घरी मी एप्रनवर लाल धाग्यानं माझं नाव भरलं होतं. पर्थहून मुलगी आली तेव्हा तिला सांगितलं, उगीच, शोभेला. चहाच्या कपावर नाव, उशीच्या अभ्र्यावर नाव. तरी वसंतात एका सकाळी त्यानं मला "बाई, दूध कुठं ठेवता?" असं विचारलं होतं. झोपेत होता, असं मी ठरवून टाकलं.

असं ठरवावं लागत होतं, कारण मी शब्द दिला होता.

माझी आजी कॉर्नवॉलहून आलेल्या खाणकामगारांतली. तिचे नियम माझ्याकडं आले. रोज उठल्यावर कोणाशी बोलण्याआधी मेणबत्ती लावायची, त्या दिवसाचं स्तोत्र वाचायचं, आणि शुक्रवारी दुपार टळेपर्यंत पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही. कॅरावॅनच्या इवल्याशा टेबलावरही मी ते चुकवलं नाही. क्लॅरीचा त्यावर विश्वास नव्हता, पण मेणबत्ती जळत असेपर्यंत तो किटलीसुद्धा आवाज न करता ठेवायचा. "तुझं वरच्याशी चालू दे. माझं काम ब्रेकशी," म्हणायचा.

अ‍ॅडलेडच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तो माझ्यासमोर येऊन बसला. मेणबत्ती अर्धी जळली होती. त्यानं मुद्दाम ती वेळ धरली होती. तिच्यासमोर बोललेलं मी मागं घेत नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं.

"एक मागतो. ज्या दिवशी मला तुझं नाव येणार नाही, त्या दिवशी गाडी घराकडं वळव. मला सामानासारखं बांधून देशभर ओढत फिरू नकोस. मी बघितलेत तसले. बायका बिचाऱ्या एका हातानं स्टिअरिंग धरतात आणि एका हातानं नवऱ्याचा पट्टा."

"नाही येणार तो दिवस."

"तो येईल. तू शब्द दे."

मी दिला. त्याच आठवड्यात तो मूंटाच्या वृद्धाश्रमात जाऊन स्वतःच नाव नोंदवून आला. तिथल्या सिस्टरनं त्याला समुद्राच्या बाजूची खोली दाखवली. त्याला ती नको होती. त्यानं गाड्या लावायच्या आवाराच्या बाजूची मागितली. "समुद्र काय, तो नुसता येतो आणि जातो. इथं बसून लोक गाडी मागं घेताना कशी भंबेरी उडते ते दिसेल." सिस्टर इतकी हसली की तिनं तीच खोली अर्जावर लिहून घेतली.

मुरावीनला निघायच्या आधी दहा दिवस तिचा फोन आला होता. ती खोली रिकामी झाली होती. मी म्हटलं, मेळाव्याहून आल्यावर बघू.

*

दुसऱ्या दिवशी एक नवं जोडपं आलं, ट्रॉय आणि लीएन. पन्नाशीचेही नसतील. कूरिंगा त्यांनी कोणाकडून तरी जुनी घेतली होती. नवखं कोणी कॅरावॅन लावायला आलं की आमच्यात एक वाईट रीत आहे. सगळे आपापल्या घडीच्या खुर्च्या घेऊन बाहेर येतात आणि ओळीनं बसतात. सिनेमाला बसावं तसे.

"डावीकडं म्हटलं ना मी!" लीएन ओरडत होती.

"तुझं डावं की माझं?"

"डावं ते डावं! त्यात तुझं-माझं काय?"

"बाई गं, लग्नाला किती वर्षं झाली?" खुर्चीतून माझ्या जुन्या मैत्रिणीनं, मर्लनं विचारलं.

"वीस!"

"मग आजचा दिवस निघाला तर एकविसावं लागेल."

सगळे हसले. ट्रॉयनं पुन्हा गाडी पुढं घेतली, पुन्हा मागं. कॅरावॅन वाकडी होऊन पाण्याच्या नळाकडं निघाली. लीएनच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, हे धुळीतही दिसत होतं. तेवढ्यात माझ्या शेजारची खुर्ची करकरली. क्लॅरी उठला, टोपी घातली आणि शांतपणे चालत मागं जाऊन उभा राहिला.

"पोरा," त्यानं ट्रॉयला हाक मारली, "बायकोचं ऐकू नकोस, माझं ऐकू नकोस. काही ऐकूच नकोस. आरशात बघ. मी दिसतो?"

"दिसता."

"दिसेनासा झालो की थांबायचं. बाकी मी करतो."

मग त्याचे हात बोलायला लागले. खुर्च्यांवरची बडबड आपोआप थांबली. ती मोठी पेटी त्या हातांपुढं एखाद्या वयस्कर घोडीसारखी वळली आणि मागं मागं येत जागेवर उभी राहिली. मूठ वर गेली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. क्लॅरीनं लीएनला जवळ बोलावलं आणि तिचे दोन्ही हात धरून खुणा शिकवल्या. एकदा, दोनदा, पाचदा. न कंटाळता.

"कसला माणूस आहे हो तुमचा," संध्याकाळी लीएन मला म्हणाली. "आमच्याकडं तर रोज युद्ध. तुमचं कधी भांडण झालं असेल असं वाटतच नाही."

"पहिली दहा वर्षं मीही नळच पाडले," मी म्हटलं.

ती हसत गेली. मी वळून पाहिलं तर क्लॅरी आमच्याच कॅरावॅनच्या पायरीसमोर उभा राहून दाराकडं बघत होता. दार आतल्या बाजूला उघडतं की बाहेर, ते त्याला उमजत नव्हतं.

*

मंगळवारी सिस्टरचा पुन्हा फोन आला. मुरावीनला फोन फक्त पाण्याच्या टाकीजवळच्या उंचवट्यावर लागतो, तिथं मी उभी होते.

"मिसेस पेनरोझ, मला तुम्हाला घाई करायची नाही. पण यादीत पुढं दोघं थांबलेत. शुक्रवारी दुपारपर्यंत सांगाल का?"

"त्याला अजून माझं नाव येतं, सिस्टर."

"छान आहे. मग शुक्रवारी बोलू."

मी खाली आले तेव्हा मर्ल भांडी घासायच्या नळापाशी होती. मर्ल आणि मी एकाच वर्षी कूरिंगा घेतल्या. तिचा आल्फ जाऊन तीन वर्षं झाली. आता ती एकटीच चालवते, एकटीच मागं घेते आणि कोणी मदतीला आलं तर त्याला घालवून देते. मी फडकं घेतलं आणि तिच्या ताटल्या पुसायला लागले.

"आणखी किती दिवस लपवणार आहेस?" तिनं वर न बघता विचारलं.

"काय?"

"वेर्ना, मी मर्ल आहे. बिल्ला नाही वाचलास तरी चालेल."

मी ताटली पुसत राहिले. "नाव येतं त्याला माझं."

"त्याला ते वाचता येतं. वाचता येणं वेगळं आणि नाव येणं वेगळं."

"वाचायलाही डोकं लागतंच की."

"लागतं. मला बाई वकिली कळत नाही. तुझा देव वकिली ऐकून घेतो का, ते तू बघ." तिनं नळ बंद केला. मग ओले हात झटकले. "आल्फला मी एक वर्ष जास्त फिरवलं. त्याला आवडतं, असं सगळ्यांना सांगायची. खरं म्हणजे मला एकटीला घरी जायचं नव्हतं. एका पेट्रोल पंपावर मी पैसे द्यायला आत गेले, तो उतरला आणि चालायला लागला. सहा तासांनी, रणरणत्या उन्हात सापडला. डोक्यावर टोपी नव्हती."

हे मला माहीत नव्हतं. आल्फ हृदयविकारानं गेला, एवढंच तिनं आम्हाला सांगितलं होतं.

"दे ती ताटली," मर्ल म्हणाली. "पुसून पुसून तिच्यावरची फुलं घालवशील."

त्या दिवसापासून मी क्लॅरीच्या मागं मागं राहायला लागले. पण शब्दाचं मी मनावर घेतलं नाही. सकाळी मेणबत्ती लावण्याआधीच बिल्ला गळ्यात घालायची, म्हणजे तो उठेल तेव्हा अक्षरं समोर असतील. मेणबत्तीच्या उजेडात ती जास्तच ठळक दिसायची. स्तोत्र वाचताना माझी नजर ओळींवरून घसरायची.

*

गुरुवार हा शेवटचा दिवस. रोज पाचला सगळे आपापली खुर्ची, आपापला पेला आणि वाटायला एखादी ताटली घेऊन गोलात बसतात. कोणी चीजचे तुकडे आणतं, कोणी गरम स्कोन-पाव. मी कणकेत मटण-बटाटा भरून भाजलेल्या पेस्टी केल्या होत्या. मूंटाची माणसं दुसरं काही आणतील असं कोणाला वाटतही नाही. शेवटच्या संध्याकाळी मात्र एक ठरलेली गोष्ट होते. प्रत्येकानं उठायचं आणि आपल्या शेजारच्या सीटवर कोण बसतं, त्याची ओळख करून द्यायची. सगळ्यांना सगळे ठाऊक असतात, तरी.

दिवस कलला आणि वारा फिरला. दक्षिणेचा, हाडांत शिरणारा. मी आत जाऊन लोकरीचं जॅकेट घातलं आणि सवयीनं गळ्यापर्यंत बटणं लावून परत येऊन बसले.

नेव्हनं सुरुवात केली. "ही माझी डॉट. चाळीस वर्षं नकाशा उलटा धरून मला ठिकाणावर पोचवते."

"आणि हा अजून रस्ता विचारत नाही," डॉट म्हणाली.

ट्रॉय उठला. "ही लीएन. हिची मूठ वर गेली की थांबायचं, एवढं मी या आठवड्यात शिकलो. वीस वर्षं आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं."

मर्ल बसूनच म्हणाली, "माझ्या शेजारच्या सीटवर बटाट्यांचं पोतं असतं. ते बोलत नाही, घोरत नाही. पुढच्या वर्षी त्यालाही बिल्ला द्या."

मग नेव्हनं हात केला. "क्लॅरी! चल बाबा."

सगळे सावरून बसले. क्लॅरीचं वाक्य पाठ होतं त्यांना. दर वर्षी तो उभा राहायचा, माझ्या खांद्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचा, ही वेर्ना, हिच्यावाचून मी आजवर एकदाही मागं गेलो नाही. शेवटचे शब्द सगळे मिळून म्हणायचे आणि पेले वर करायचे. आत्ताही काहींनी पेले उचलले होते.

क्लॅरी उठला. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"ही," तो म्हणाला.

आणि त्याची नजर खाली आली. माझ्या छातीकडं. राखाडी लोकर आणि बटणांची रांग.

तेव्हा मला कळलं, मी काय घालून आले होते. माझा हात आपोआप वरच्या बटणाकडं गेला. एकच बटण काढलं असतं तर फीत ओढून अक्षरं बाहेर काढता आली असती. कोणाला काही कळलं नसतं. थंडीत जॅकेटशी चाळा करणारी म्हातारी, एवढंच. त्यानं वाचलं असतं, सगळ्यांनी वाक्य पुरं केलं असतं, आणि मी शुक्रवारी सिस्टरला सांगितलं असतं, अजून नाही.

तो माझ्याकडं बघत होता. घाबरलेला नव्हता. रस्त्यात भेटलेल्या भल्या माणसाकडं बघावं, तसं बघत होता. मी त्याचे डोळे शोधले. एक्कावन्न वर्षं ज्या डोळ्यांत मी होते, तिथं मी शोधलं.

आधी ब्रेक, वेर्ना.

मी बटणावरचा हात खाली घेतला आणि मांडीवर ठेवला.

"ही बाई फार चांगली आहे," क्लॅरी म्हणाला. आवाज खणखणीत होता. "मला इथवर आणलं हिनं. गाडी सांभाळून चालवते. कुठंही गचका नाही." मग वळून मागं, कॅरावॅनच्या रांगेकडं त्यानं पाहिलं. "माझी बायको मागं असेल. ती नेहमी मागंच उभी असते. आरशात दिसेल."

नेव्ह मोठ्यानं हसला आणि सगळे हसले. क्लॅरीनं या वर्षी नवा विनोद आणला होता. पेले वर गेले, कोणीतरी शिट्टी मारली. लीएन टाळ्या वाजवता वाजवता डोळे पुसत होती, तिला ते फार गोड वाटलं होतं. मर्ल तेवढी हसली नाही. तिनं पेला खाली, धुळीत ठेवला.

क्लॅरीही हसला, सगळे हसतात म्हणून. मग बसला आणि आपल्या गुडघ्यांवरची चादर काढून त्यानं माझ्या गुडघ्यांवर घातली.

"गार आहे हो फार," तो म्हणाला. "तुम्हाला लागेल ही."

*

शुक्रवारी पहाटे मेणबत्ती लावली तेव्हा बिल्ला हुकालाच होता. स्तोत्र वाचलं. त्या दिवशी ओळी जागेवर राहिल्या.

उजाडल्यावर मी टाकीजवळच्या उंचवट्यावर गेले. सिस्टर इतक्या लवकर येते हे मला ठाऊक होतं.

"आम्ही निघतो आहोत," मी म्हटलं. "दोन दिवस लागतील. रविवारी येऊ."

"बरं." मग ती म्हणाली, "खिडकी पुसून ठेवते."

खाली आले आणि कामाला लागले. आमच्यात कामांना रंग असतात. निळी कामं नवऱ्याची. पाण्याचा पाइप, वीज, हूक, साखळ्या, दिवे. गुलाबी बायकोची. कपाटं बंद करणं, कपबशा फडक्यात गुंडाळणं, फ्रिजच्या दाराला पट्टी. दोन वर्षं दोन्ही रंग माझेच. तरी एक निळं काम मी त्याच्याकडं ठेवलं होतं. मी गाडीत बसून दिवे लावायचे आणि त्यानं मागं उभं राहून बघायचं.

डावा दिवा. आरशात त्याचा अंगठा वर. उजवा. अंगठा वर. ब्रेक. अंगठा वर. मी ब्रेकवरचा पाय काढला नाही. त्याचा अंगठा तसाच वर राहिला. दिवा लागलेला आहे तोवर तो हात खाली घेणार नाही, हे मला माहीत होतं. मी तसंच थोडा वेळ बघून घेतलं.

मर्ल काहीतरी फडक्यात बांधून घेऊन आली. "सोडा घालून भाजलेला पाव आहे. तुझा उपास दुपारी सुटेल तेव्हा खा. त्याला आधी दे." मग तिनं माझ्या गळ्याकडं पाहिलं. तिथं काही नव्हतं. "बाकीच्यांसारखी उत्तरेला नाही ना जात?"

"नाही."

"मी येऊ मागून? माझं काय, बटाटे तर आहेत."

"नको. शब्द एकटीनं पाळायचा आहे, मर्ल."

तिनं माझा दंड घट्ट धरला आणि सोडला.

क्लॅरी गाडीपाशी आला आणि माझ्या खिडकीशी अदबीनं उभा राहिला. टोपी हातात.

"बाई, तुम्ही कुठपर्यंत जाणार?"

"मूंटापर्यंत."

"अरे वा. मी तिथलाच. मला सोडाल का?"

मी म्हटलं, "सोडते. बसा."

त्यानं वळसा घेतला, दार उघडलं, बसला आणि पट्टा स्वतःच लावला. फाटकाशी नेव्ह पत्र्याचा डबा घेऊन उभा होता. मी दोन्ही बिल्ले काढून त्याच्या हातात दिले.

"काल काय मजा आणली यानं!" नेव्ह म्हणाला. "पुढच्या वर्षी काय बोलणार आहेस, क्लॅरी?"

"बघू की," क्लॅरी म्हणाला. त्याची नजर नेव्हच्या छातीकडं गेली, पण नेव्हनंही बिल्ला डब्यात टाकून दिला होता. "बघू, मित्रा."

आमच्या पुढच्या सगळ्या गाड्या उजवीकडं, उत्तरेच्या उन्हाकडं वळत होत्या. मी डावा दिवा लावला. रस्ता मोकळा होता.

थोडं अंतर गेल्यावर क्लॅरी पुढं वाकला आणि त्याच्या बाजूच्या आरशात बघायला लागला. कॅरावॅनच्या पांढऱ्या कडेमागं लाल धूळ उठत होती. रेसकोर्सचं फाटक लहान लहान होत होतं.

"दिसते का?" मी विचारलं.

"अजून नाही." त्यानं आरशावरची नजर काढली नाही. "जरा हळू चला, बाई. येईल ती."

मी पाय थोडा उचलला आणि हळू चालवत राहिले.